ट्रायल फसली तर तसं लिहा ना साहेब : नागपुरातल्या खनिज संशोधकांना खुलं पत्र

प्रति,
नागपुरातल्या खनिज, कोळसा अन् धातू संशोधन संस्थांचे डायरेक्टर साहेब, सायंटिस्ट मंडळी, मायनिंग-मेटलर्जीचे प्राध्यापक, आणि प्रोजेक्टच्या फाईलवर सही करणारे सगळे.

नमस्कार.

मी रिटायर्ड ओव्हरमन, म्हणजे खदानीत खाली पाळीच्या कामावर देखरेख करणारा. तुम्ही मला ओळखत नाही अन् ओळखायचं काही कारणही नाही. तुम्ही खदानीत यायचे, मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये चहा व्हायचा, मग नवे कोरे बूट अन् पांढरं हेल्मेट घालून तुम्ही खाली उतरायचे, तेव्हा तुमच्या पुढे "साहेब डोकं सांभाळा, साहेब इथे पाणी आहे" म्हणत कॅप लॅम्प घेऊन जो माणूस चालायचा ना, तो मी. कोळशाच्या अंडरग्राउंड खदानीत ३१ वर्षं काढली. आधी लोडर, मग सरदारचं, म्हणजे खालच्या मुकादमाचं, सर्टिफिकेट, मग ओव्हरमन. आता मानकापूरला राहतो, सकाळी फिरायला जातो, गुडघे दुखतात, बाकी बरं आहे.

मागच्या महिन्यात भाचीचे ट्रेनिंगचे अर्ज द्यायला एकाच दिवशी सगळीकडे फिरलो. पोरगी मायनिंग इंजिनिअरिंग करून राहिली, आमच्या खानदानात पहिलीच, अन् खदानीत मुली कशाला म्हणणाऱ्या सगळ्या नातेवाईकांना तिने गप्प केलं हे वेगळंच. तर काटोल रोडवर मँगनीजवाल्यांचं मॉईल भवन, तिथून सिव्हिल लाईन्सला वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचं, कोल इस्टेट अन् आयबीएमचं, म्हणजे इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं, इंदिरा भवन, तेलंगखेडीकडे खदान संशोधनवाल्या सिम्फरचं सेंटर, सेमिनरी हिल्सवर भूगर्भ सर्वेक्षणवाले जीएसआय अन् खनिज शोधणारे एमईसीएल, मग व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेज, मग अमरावती रोडने वाडीला अ‍ॅल्युमिनियमवाल्यांचं जवाहरलाल नेहरू सेंटर, अन् शेवटी हिंगण्याला एमआयडीसीत आयबीएमची खनिज प्रक्रियेची लॅब अन् पायलट प्लांट. सगळं मिळून स्कूटरला लिटरभर पेट्रोल लागलं. पेट्रोलवरून आठवलं, इथे जमिनीतून तेलाचा थेंब निघत नाही पण देशभरातल्या पेट्रोल अन् स्फोटकांच्या सेफ्टीचं मुख्य ऑफिस, पेसो, ते पण सेमिनरी हिल्सवरच. लोक सगळीकडे चांगले बोलले, एका गेटवर गार्डने माठातलं गार पाणी पाजलं.

हे सांगायचं कारण असं की २०२५ मध्ये केंद्राने क्रिटिकल मिनरल, म्हणजे देशाला अत्यावश्यक खनिजांचं, मिशन आणलं, १६,३०० कोटींचं, अन् त्यात पहिले सात सेंटर ऑफ एक्सलन्स, म्हणजे खास संशोधन केंद्रं, जाहीर केले. मुंबई, हैदराबाद, रूरकीच्या आयआयटी, धनबाद, भुवनेश्वर, जमशेदपूर अन् हैदराबादचंच अजून एक. नागपूरचं नाव नाही. आमच्या जुन्या खदानवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा, नागपूरवर अन्याय, विदर्भावर अन्याय, नेते काय झोपून राहिले का. मी त्यात नाही पडलो. मला वाटते बोर्ड आपल्याकडे पोटभर आहेत राजेहो. १९४८ चं आयबीएम आहे, १९६० चं कॉलेज आहे, १९८९ चं अ‍ॅल्युमिनियम सेंटर आहे. अजून एक बोर्ड लागून खाली फेसवर, म्हणजे कोळसा काढतात त्या तोंडावर, काम करणाऱ्या माणसाला काय फरक पडतो हा माझा प्रश्न आहे, अन् त्यासाठीच हे पत्र. एक गोष्ट सांगतो, थोडी लांब आहे, पण वाचा.

तुम्हाला स्टोइंग माहीत आहे, पण हे पत्र बाहेरचे लोकही वाचतील म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. खदानीत सगळा कोळसा एकदम नाही काढत. आधी गल्ल्या काढायच्या अन् मधे चौकोनी खांब सोडायचे, ते पिलर. या पहिल्या फेरीत जेमतेम पाव हिस्सा कोळसा हाती लागतो, बाकीचा पिलरमध्ये अडकून. ते पिलर काढणं म्हणजे डिपिलरिंग, अन् पिलर गेला की छत बसते. वर पडीक जमीन असली तर बसू द्या म्हणतात. पण वर गाव असलं, नदी असली, रेल्वे लाईन असली तर बसू देऊन कसं चालेल? २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्गुसला अख्खं घर जमिनीत गेलं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल, खाली जुनी खदान. म्हणून पोकळी भरायची, तिला आम्ही गोफ म्हणतो. वरून नदीची रेती अन् पाणी मिसळून पाईपात सोडायचं, पंप नाही काही नाही, नुसत्या उताराच्या जोरावर ती रेती शंभर-दीडशे मीटर खाली उतरते अन् मग आडवी कितीतरी लांब पळत जाते. गोफच्या तोंडाशी बांबूची ताटी, ताटीला आतून तरट, बाहेरून लाकडी बल्ल्यांचा टेका. रेती आत बसते, पाणी तरटातून गळून नालीत येते, नालीतून संपमध्ये, म्हणजे पाणी साठवायच्या खड्ड्यात, तिथून पुन्हा वर. ही पद्धत काही आजची नाही, इंग्रजांनी १९३९ मध्ये स्टोइंगसाठी वेगळा कायदाच केला होता.

आता रेतीची गंमत अशी की कन्हानचं पाणी नागपूर पितं अन् कन्हानची रेती नागपूरचे फ्लॅट खातात. १० जून ते ३० सप्टेंबर तर रेती काढायला बंदीच. मग खदानीला रेती कुठून येणार? अन् तिकडे कोराडी-खापरखेड्याला पॉवर प्लांटच्या राखेचे डोंगर. २०२२ च्या जुलैत खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला तेव्हा नदीचा रंग पाहिला होता मी, दुधात सिमेंट कालवल्यासारखा. केंद्राचं २०२१ चं नोटिफिकेशन आहे की पॉवर प्लांटने सगळी राख कामात आणावी, ३०० किलोमीटरच्या आतल्या खदानीत भरणंही त्यात धरलेलं. म्हणजे एकाकडे राख जास्त, एकाकडे रेती नाही, दोघं एकाच तालुक्यात. याच्यावर संशोधन करा असं शाळेतलं पोरगंही सांगेल, अन् ते झालंही, तुमच्यासारख्यांनीच केलं.

साधारण पंधरा वर्षांआधी आमच्या खदानीत अशीच एक टीम आली, राखेच्या स्टोइंगची ट्रायल घ्यायला. कोणती संस्था ते नाही सांगत, नागपूरची होती का बाहेरची तेही नाही सांगत, कारण माणसं वाईट नव्हती. एक साहेब तर आमच्यासोबत बसून डब्यातली भाकर अन् ठेचा खायचे. महिनाभर आधी सॅम्पल नेले, लॅबमध्ये पाईप बसवून टेस्ट केल्या, मग पहिल्या पाळीत खाली ट्रायल सुरू.

आमच्याकडे स्टोइंगवाले एक काका होते. शाळा दुसरी पास, अन् पाईपच्या आवाजावरून सांगायचे की रेती जास्त झाली का पाणी जास्त झालं. रेती वाहते तेव्हा पत्र्यावर कोणी मूठ मूठ गारा टाकल्यासारखी खरखर येते. ती खरखर जड झाली की समजायचं लाईन जाम होणार, फोन करून वर सांगायचं पाणी वाढवा. त्या दिवशी राख सुरू झाली तर आवाजच नाही, नुसतं सूंऽऽ. काकांना तिथेच करमेना. म्हणे ही मुकी हाय, हिचं काही समजत नाही.

साहेबांनी घड्याळ लावलं, बादलीत सॅम्पल घेतले, प्रेशर गेजचे फोटो काढले, सगळे खूश, कारण लाईन एकदाही जाम झाली नाही. पाऊण तास झाला असेल. काका ताटीजवळ गेले अन् तळहात ताटीला लावून उभे राहिले, म्हशीच्या पोटाला हात लावून पाहतात तसे. मग मला बोलावलं. काही बोलले नाहीत, नुसतं नालीकडे बोट केलं. नालीतलं पाणी कमी झालं होतं. पाईपमधून पाणी तेवढंच येऊन राहिलं, नालीत निम्मं. मग बाकीचं कुठे? आत. मी तरटावर लॅम्प मारला तर राखेचा लेप बसलेला, शेणाने अंगण सारवावं तसा गुळगुळीत, पाणी गळायला जागाच नाही.

रेती कशी, पाणी गळलं की दाणा दाण्यात अडकतो अन् ती आपल्या पायावर उभी राहते, ताटीवर भार थोडाच येतो. राख तशी नाही बसत. आत ती दह्यासारखी थरथर उभी होती. म्हणजे ताटीवर सगळा भार पाण्याचा, उलट त्याहून जड गाळाचा. तीन मीटर उंचीची ताटी धरा, नुसतं पाणी असलं तरी तळाशी चौरस मीटरमागे तीन टन, राख मिसळली की अजून जास्त, अन् समोर बांबू, सुतळी अन् आम्ही. बांबूतून कर्र कर्र असा बारीक आवाज यायला लागला.

"साहेब, बंद करा," काका म्हणाले, "ताटी बोलून राहिली."

बंद करायचं म्हणजेही साधं नसते. स्टोइंग थांबवलं की लाईन धुवायला नुसतं पाणी सोडावं लागते, नाहीतर पाईपमध्ये माल बसून जातो. अन् ते पाणी गेलं असतं पुन्हा आतच. म्हणून आम्ही मागचा एक जॉइंट खोलला अन् धुवण सगळं गल्लीत सोडलं. गुडघ्याएवढा राखेचा चिखल, एका साहेबांचा बूट त्यात राहून गेला तो दुसऱ्या दिवशी सापडला. कोणाला काही झालं नाही. ताटीला आणखी बल्ल्या ठोकल्या, दोन पाळ्या कोणाला तिकडे फिरकू दिलं नाही. आठ दिवसांनी मी वरच्या फटीतून काठी खुपसून पाहिली तर हातभर आत, लोण्यात सुरी जावी तशी.

टीम सॅम्पल घेऊन गेली. जाताना साहेब म्हणाले रिपोर्ट झाला की तुम्हाला पण दाखवू. मी वाट पाहिली बाप्पा, खरंच पाहिली, कारण मला जाणून घ्यायचं होतं की काय केलं असतं तर ते पाणी निघालं असतं. सहा महिने, वर्ष, मग बदली झाली, मग रिटायर झालो.

मागच्या वर्षी भाचीला प्रोजेक्टसाठी स्टोइंगचा विषय मिळाला अन् तिने कम्प्युटरवर एक पेपर काढून मला दाखवला, "मामा, हे बघ, तुमच्याच खदानीसारखं वर्णन आहे." सारखं काय, तीच होती. आमचा सीम, म्हणजे कोळशाचा थर, आमच्या पाईपचा साईज, तेच साल. पाच-सहा पानं, दोन ग्राफ, अन् शेवटी एक वाक्य, फील्ड ट्रायल वॉज सक्सेसफुली कंडक्टेड. ताटीचा शब्द नाही. नालीतल्या पाण्याचा शब्द नाही. काका तर सोडाच.

मी दोन दिवस विचार केला की हे खोटं आहे का. खोटं नाही ते. त्यांचा विषयच पाईपमधून राख कशी वाहते हा होता, अन् ती मस्त वाहिली, रेतीपेक्षा चांगली वाहिली, पाईप घासला पण कमी गेला. पण साहेब, माणूस पाईपमध्ये नाही उभा राहत, ताटीसमोर उभा राहतो. उद्या दुसऱ्या खदानीतला कोणी मॅनेजर तो पेपर वाचून म्हणेल की हे तर होऊन गेलेलं काम आहे, करा सुरू. त्याच्या ताटीजवळ कोणी काका असतील का?

भाचीने मग मला उलगडून सांगितलं की झालं काय होतं. उडत्या राखेचे बहुतेक कण ७५ मायक्रॉनच्या खालचे, पाणी त्यातून गळायला वेळच लागतो, त्यात ते तरटाची भोकं बुजवतात. बॉयलरच्या तळाची राख जाडी असते, ती वेगळी काढून वापरली तर पाणी बरं गळते. कण एकत्र चिकटून लवकर खाली बसावेत म्हणून औषध टाकता येते. आत निथळायचे भोकाचे पाईप आधीच उभे करून ठेवता येतात. एकदम नाही भरायचं, थर देऊन थांबायचं. राजस्थानात रामपुरा आगुचाला झिंकच्या खदानीत तर सिमेंट मिसळून पेस्टच भरतात, पाणी गळायचा प्रश्नच कमी. पण झिंकच्या भावात सिमेंट परवडते, कोळशाच्या भावात कसं परवडणार, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने वहीत लिहून घेतलं. म्हणजे उपाय आहेत. पण उपाय शोधायला आधी कोणीतरी लिहावं लागते ना की अडचण आली! पंधरा वर्षं वाया गेली ती त्या एका वाक्यामुळे, असं मला वाटते. माझं चूक असेल तर सांगा.

तुमचं सगळंच असं असते असं मी म्हणत नाही. उलट मला एक गोष्ट माहीत आहे जिच्यामुळे मी आज हे पत्र लिहायला जिवंत असेन. आमच्या सुरुवातीच्या काळात छतीचा सगळा भरवसा लाकडाच्या थुण्यांवर अन् काठीने ठोकून पाहण्यावर. छत ठोकली अन् टणटण आवाज आला तर चांगली, बद्द आला तर पोकळ. कान चांगला असला तर माणूस वाचला. मग १९८७ च्या सुमारास धनबादच्या खदान संशोधन संस्थेने, पुढे जिचं नाव सीएमआरआय झालं, आपल्या देशातल्या कोळसा खदानींच्या छतीसाठी आरएमआर काढलं, म्हणजे छतीच्या दगडाला मार्क द्यायची पद्धत. थराची जाडी ३० मार्क, भेगा-चिरा २५, हवा-पाणी लागून दगड किती सुटतो त्याचे २०, दगडाची ताकद १५, अन् पाणी किती झिरपते त्याचे १०. शंभरपैकी किती ते पाहून ठरवायचं बोल्ट किती लांबीचा, किती अंतरावर. पहिल्यांदा आमच्या खदानीत ते साहेब आले तेव्हा पट्टी घेऊन छतीचे थर मोजत बसले, अन् आमच्या सरदारला विचारलं की ही छत किती दिवसांनी सुटायला लागते, पावसाळ्यात वेगळी वागते का. सरदार लाजला, मग तासभर बोलला. त्यातलं त्यांनी किती घेतलं देव जाणे, पण विचारलं. अन् वीस मार्क दगडाच्या सुटण्याला आहेत, ताकदीला पंधराच, हे मला कळलं तेव्हा मी म्हटलं होतं की हे कोणीतरी खाली बसून केलेलं आहे. लॅबमध्ये दगड दाबून फोडणाऱ्याने ताकदीलाच जास्त मार्क दिले असते.

आणि एक, ते घरचंच. वेकोलिने भानेगाव, गोंडेगावला ओपनकास्टच्या, म्हणजे उघड्या खदानीच्या, वरची माती-दगड धुऊन त्यातून रेती काढली, ती घरकुलांना दिली, ते मला फार आवडलं. आपल्याकडे कोळशावर जो वाळूचा दगड असतो त्याला देशभरातले भूगर्भवाले कामठी म्हणतात, आपल्या कामठीवरून, लष्करी छावणीचं कामठी तेच. तो दगड हाताने चुरला तरी रेती होते. इतकी वर्षं आम्ही ती डम्पवर फेकत होतो अन् नदी खरवडत होतो. कोणालातरी सुचलं, झालं. राखेपेक्षा ही रेती ताटीसाठी कधीही बरी, दाणा जाडा आहे, बारीक भुकटी धुऊन निघाली की पाणी पटकन गळेल. ती स्टोइंगला कुठे किती वापरली अन् ताटीवर कशी वागली हे कोणी मराठीत एका पानावर लिहून लावलं तर मी स्वतः वाचायला येईन.

आता माझं म्हणणं. मी काही मोठं मागत नाही.

ट्रायल फसली, अर्धी फसली, थांबवावी लागली, तर ते लिहा. पेपरवाले छापत नसतील तर संस्थेच्या साध्या कागदावर लिहा अन् ज्या खदानीत ट्रायल झाली तिथे हाजरीघराच्या फळ्यावर लावा. मराठीत, नाहीतर हिंदीत, एक पान. आमच्याकडे फळ्यावर बोनसचं सर्क्युलर लागलं की पन्नास माणसं गोळा होतात, तुमचं लागलं तर दहा तरी होतीलच, अन् त्यातला एक असा निघेल की जो म्हणेल, साहेब, असं नाही, तसं करून पाहा. आम्हाला हे सांगायची सवय नाही कारण कोणी विचारतच नाही. जुनी बंद केलेली गल्ली आतून तापायला लागली की मीटर दाखवायच्या आधी छतीला घाम सुटतो अन् रॉकेलसारखा वास येतो, हे आमच्या पोरांना माहीत. तो वास कोणत्या सीममध्ये किती दिवस आधी आला याची नोंद कुठे आहे? सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचे आकडे आहेत सगळे, आगीची चाहूल सांगणारा ग्रॅहमचा रेशो काढून ठेवलेला आहे, वासाची नोंद नाही. आगीचा अभ्यास करणाऱ्यांनी कधी रिटायर्ड लोकांना एका खोलीत बसवून विचारा, चहा आम्ही पाजू.

दुसरं, प्रोजेक्ट मंजूर होतानाच खालच्या माणसाला बसवा. कोळशाच्या एस अँड टी, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या, प्रोजेक्टचा कारभार रांचीहून चालतो, कोल इंडियाच्या सीएमपीडीआयमधून, तिथे आमच्यासारखा कोण पोहोचणार. पण नागपुरात तरी एक बैठक होऊ शकते ना, वर्षातून दोनदा, जिथे प्रस्ताव वाचून दाखवायचा अन् एक ओव्हरमन, एक सरदार, एक स्टोइंग मजदूर, एक पंप खलाशी यांनी म्हणायचं की यात हा प्रश्न राहिला. सगळ्या बिल्डिंग लिटरभर पेट्रोलच्या अंतरात आहेत, मघाशी सांगितलंच. भाची म्हणते मामा याला इंग्रजीत काहीतरी नाव आहे, स्टेकहोल्डर का काय ते. नाव काहीही द्या, पण आम्हाला आधी बोलावा, फीत कापायच्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसवायला नको.

हे फक्त खदानीचं नाही. आमच्या शेजारी एक जण हिंगण्याला अ‍ॅल्युमिनियमचा भंगार वितळवायची छोटी भट्टी चालवतो. भट्टीवर जी मळी येते, ड्रॉस, ती तो व्यापाऱ्याला कवडीमोल भावात देतो, त्यात धातू किती उरला याचा हिशोबच नाही. खनिजापासून नवं अ‍ॅल्युमिनियम करायला जेवढी वीज लागते तिच्या पाच टक्क्यांत भंगारातून होते हे त्याला माहीत आहे, कारण त्याचं पोट त्यावर आहे. अन् वाडीचं सेंटर अ‍ॅल्युमिनियमच्या रिसायकलिंगवर काम करतं, खाण मंत्रालयाची स्टार्टअपवाली प्रिझम स्कीम पण तिथूनच चालते, हे त्याला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तिथे आपल्याला आत सोडतात का?" मी म्हटलं जाऊन तर बघ. अजून गेला नाही. लाजतो. एखाद्या शनिवारी तुमच्यापैकी कोणी हिंगण्याच्या भट्ट्यांवर चक्कर मारली तर?

अन् एक जखम आहे, तिच्यावर जास्त बोलत नाही. खदान कामगारांच्या तब्येतीवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था नागपुरातच होती, मायनर्स हेल्थची. २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती बंद करून अहमदाबादच्या संस्थेत विलीन करायचं ठरवलं. कागदावर बरोबरही असेल, दोन छोट्या संस्थांपेक्षा एक मोठी बरी. पण धूळ ज्याच्या छातीत गेली तो माणूस इथे आहे, वलनी-सिल्लेवाड्याला, मनसर-कांद्रीला. त्याला अहमदाबाद म्हणजे दोन दिवसांची मजुरी अन् रेल्वेचं तिकीट. तुम्ही वैज्ञानिक लोक आहात, तुमचं वर कोणी ऐकत असेल तर सांगा.

पत्र लांबलं. भाचीने टाइप करून दिलं, तिने दोन ठिकाणी माझी भाषा सुधारली अन् चार ठिकाणी मी सुधारू दिली नाही. ती या उन्हाळ्यात ट्रेनिंगला खाली उतरणार आहे, मी तिला एवढंच सांगितलं की पहिल्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये कमी बस अन् हाजरीघराच्या बाहेर जास्त.

आणि त्या ट्रायलचे साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर, राग नाही. तुमचा ठेचा अजून उधार आहे. काका आहेत अजून, पंचाहत्तरीला आले, कान गेले पण तळहात शाबूत आहे. खदानीजवळच्या वस्तीत लेकाकडे राहतात. त्या दिवशी ताटी किती फुगली होती ते हाताने करून दाखवतात, अजूनही बरोबर तेवढंच दाखवतात, मी दोनदा पाहिलं. तुम्हाला जुनी वही काढून विचारायला यायचं असेल तर मी स्कूटर घेऊन मानकापूरच्या चौकात येतो. फक्त सकाळी या, दुपारी काका झोपतात.

आपला,
एक रिटायर्ड ओव्हरमन
मानकापूर, नागपूर